नकाशा मी काढते, सही सरांची

पत्र डोंबिवलीच्या एका वाचक मुलीचं आहे. वय २४. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून आर्किटेक्चरचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि गेली पाच वर्षं ती दादरच्या एका छोट्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. कामं बहुतेक रिडेव्हलपमेंटची, पगार २८ हजार. पालिकेत जाणारे नकाशे तीच काढते, एफएसआयचा, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेचा, हिशोब तीच जुळवते, सही मात्र सरांची असते. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात ‘ड्रॉन बाय’च्या रकान्यात तिच्या नावाची दोन अक्षरं तेवढी येतात. सोसायटीच्या मीटिंगला गेली की सभासद विचारतात, “आर्किटेक्ट मॅडम कुठे आहेत?” आता तिला बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, करायचं आहे. पण डिप्लोमा असला तरी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, पहिल्यापासून पूर्ण पाच वर्षं काढावी लागतात. तिने चौकशी केलेल्या खासगी कॉलेजची फी वर्षाला दोन लाख आहे. वडील दोन वर्षांनी निवृत्त होतील, भाऊ अकरावीत आहे, आईने स्थळं बघायला घेतली आहेत. ऑफिसात बी.आर्क. झालेली मैत्रीण हिच्यापेक्षा फक्त चार हजार जास्त मिळवते. सर म्हणतात, “तुला सगळं येतं, डिग्री काय करायचीय?” ती विचारते: “या पदवीत खरंच अर्थ आहे, की मी फक्त त्या दोन अक्षरांना कंटाळले आहे?”

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा ते पैशांबद्दल वाटलं, दुसऱ्यांदा मानाबद्दल. तिसऱ्यांदा मी एका वाक्यापाशी थांबले. ते तू जाता जाता लिहिलंस आणि लगेच पुढे गेलीस: “माटुंग्याच्या एका कामात ४१० फुटांच्या फ्लॅटचं किचन डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीवर, उघडत होतं. एका रविवारी घरी बसून मी ते बाहेरच्या भिंतीला घेऊन बघितलं. एफएसआय तेवढाच राहिला. पण सरांना दाखवायचं राहून गेलं.” या वाक्याकडे मी परत येणार आहे. आधी बाकीचं बोलून घेऊ.

पहिला पैसा, कारण घरी पहिला प्रश्न तोच येईल. पाच वर्षं नोकरी सोडलीस तर २८ हजारांनी १६ लाख ८० हजार रुपये हातचे जातात, आणि यात पगारवाढ धरलेली नाही. फीचे दहा लाख मिळवले की झाले २६ लाख ८० हजार. मॉडेलसाठी लागणारा सनबोर्ड, मोठ्या आकाराच्या प्रिंट, अभ्यास दौरे, नकाशे पेलेल असा लॅपटॉप, हे वेगळंच. फीच्या पावतीवर यातलं काही छापलेलं नसतं आणि दर सत्राच्या शेवटी घरात त्यावरून बोलणी होतात. आता मैत्रिणीला मिळणारे चार हजार घे. एवढी रक्कम महिन्याला चार हजारांनी भरून काढायची तर ६७० महिने लागतील, म्हणजे जवळजवळ ५६ वर्षं. तेव्हा पगार वाढावा एवढ्यासाठी ही पदवी घ्यायची असेल तर घेऊ नकोस. उगाच आशा लावून तुला पाच वर्षांच्या वाटेला लावणं मला जमणार नाही.

पण या हिशोबात एक गोष्ट आपण धरून चाललो आहोत. पदवी घेऊन तू पुन्हा त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर बसणार आणि तेच नकाशे काढणार, असं आपण मानलं. मैत्रिणीला मिळतो तो त्या खुर्चीचा भाव आहे, पदवीचा नव्हे. पालिकेचे नकाशे चोख काढणारं माणूस ऑफिसला हवं असतं आणि त्या कामाला दादरमध्ये जो दर चालतो तो तिला मिळतो. पाच वर्षं कॉलेजच्या डिझाइन स्टुडिओत काढून ती तुझ्या शेजारी बसून तेच करते आहे, यात काहीतरी चुकलं असेल तर ते पदवीनंतर तिने काय निवडलं, किंवा घरच्या अडचणीमुळे तिला काय निवडावं लागलं, त्यात असेल. एकदा तिला चहाला घेऊन जा आणि पगाराचा विषय न काढता एवढंच विचार, की कॉलेजात शिकलेलं शेवटचं कधी वापरलंस? तिचं उत्तर तुला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

आता सहीचं. तुझ्यासारखी पत्रं डिप्लोमा झालेल्या बऱ्याच मुलामुलींकडून येतात आणि कायदा नेमका काय म्हणतो हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टने ‘आर्किटेक्ट’ हा शब्द राखून ठेवला. मान्यताप्राप्त पदवी घ्यायची, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवायचं, मगच तो शब्द नावाला लावता येतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याच्या ३७ व्या कलमाची बंदी आहे ती ही उपाधी वापरण्यावर. नोंदणी नसलेल्या माणसाने इमारतीची रचना करण्यावर त्या कलमाने बंदी येत नाही. म्हणजे तू आज जे करतेस त्यात चोरटेपणाचं काही नाही. पण पालिकेत प्रस्ताव दाखल करायचा तर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा पालिकेचा परवाना असलेली तांत्रिक व्यक्तीच लागते, आणि तिथे तुझी गाडी अडते.

सही म्हणजे मान, असं तुझ्या पत्रातून सारखं जाणवतं. मी स्वतः आर्किटेक्ट म्हणून सही करत आले आहे, म्हणून सांगते: सही म्हणजे आधी जबाबदारी. आयओडीतल्या, म्हणजे पालिकेच्या बांधकाम मंजुरीतल्या, अटी पाळल्या गेल्या नाहीत, साइटवर जिना नकाशापेक्षा अरुंद निघाला, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) अडकली आणि तीस कुटुंबं भाड्याच्या घरात खोळंबली, तर पत्र सही करणाऱ्याच्या नावाने येतं. ‘ड्रॉन बाय’च्या नावाने येत नाही. बिल्डर म्हणतो तेवढा डक्ट आत घ्यायला नकार द्यायची वेळ आली की तो नकारही सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो. तुझ्या सरांच्या फीमध्ये या सगळ्याची किंमत धरलेली असते. तुला सही हवी आहे ना? मग हे ओझंही हवं आहे का, हे मनाला विचार. मला वाटतं तुला ते हवं आहे, पण ते तुझ्या तोंडून यायला हवं.

इथे एक वाट सांगून ठेवते, कारण डिप्लोमावाल्यांना ती फारशी माहीत नसते. विकास नियंत्रण नियमावल्यांमध्ये आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांच्याबरोबर ‘सुपरवायझर’ असाही परवान्याचा एक वर्ग असतो. आर्किटेक्चरचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि हाताखालचा अनुभव असलेल्याला त्यात लहान बांधकामांपुरती सही करता येते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात गुणपत्रिका आणि अनुभवाचा दाखला घेऊन एक दिवस जा. तुझा डिप्लोमा त्यात बसतो का, किती मोठ्या कामापर्यंत सही चालते, हे टेबलावरच विचार. अर्धा दिवस जाईल. पण स्वतःच्या नावाने छोटी कामं करणं एवढीच तुझी तहान असेल, तर ती पाच वर्षं न घालवताही भागू शकेल.

सर म्हणतात ‘तुला सगळं येतं.’ ते खोटं बोलत नाहीत. इमारतीभोवती मार्जिन किती सोडायचं, जिना किती रुंद हवा, फंजिबल (एफएसआयवर मिळणारं जादा क्षेत्र) कुठे वापरायचा, लिफ्टची लॉबी कशी बसवायची, हे तुझ्या हातात बसलं आहे. पाच वर्षं शिकून बाहेर पडलेल्या मुलांना यातलं निम्मंही येत नसतं, हे मी माझ्या ऑफिसात दरवर्षी बघते. सरांचं वाक्य अपुरं मात्र आहे. शिवाय तू गेलीस तर त्यांचं अर्धं काम अडेल, हेही त्यांच्या मनात असणारच. त्यात गैर काही नाही, पण त्यांचा सल्ला घेताना तेवढं वजा करायला हवं.

मग जे येत नाही ते काय? माझ्या पहिल्या वर्षातलं सांगते. आम्हाला आपापलं घर मोजून त्याचा नकाशा आणायला सांगितलं होतं. आमची गिरगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. मी मन लावून अगदी स्वच्छ नकाशा काढला, भिंतींची जाडीसुद्धा अचूक. बाईंनी तो हातात घेतला, पेन्सिल मोरीवर ठेवली आणि विचारलं, “पाणी किती वाजता येतं?” मी म्हटलं, पहाटे साडेचारला. “तेव्हा इथे कोण झोपलेलं असतं?” तिथे माझी आजी झोपायची. मोरीच्या कठड्याला पाय लावून झोपायची आणि नळाचा आवाज आला की उठून वळकटी गुंडाळून दारात बसून राहायची, आईचं पाणी भरून होईपर्यंत. बाई म्हणाल्या, “मग ती यात कुठे आहे?”

तोवर मला नकाशा म्हणजे भिंतींचं चित्र वाटत होतं. त्या दिवशी मी घरी गेले आणि आजीचं अंथरूण मोजलं.

चांगल्या हाती पडलीस तर ती पाच वर्षं हेच देतात: भिंत काढण्याआधी, तिथे कोण, कधी, काय करतं हे विचारायची खोड. बाकी स्ट्रक्चर, हवामान, इतिहास, सेवा वाहिन्या, इस्टिमेट हे विषय असतात आणि लागतातही. पण जीव जातो आणि जीव येतो तो स्टुडिओत. आठवडाभर खपून केलेलं डिझाइन ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांपुढे, टाचून उभं राहायचं, कुणीतरी पाच मिनिटांत त्यातली खोट काढायची आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची. वाईट हाती पडलीस तर मात्र नुसती जागरणं होतात आणि हाती प्रमाणपत्र येतं. म्हणून कॉलेज निवडताना इमारत आणि माहितीपत्रक बघू नकोस. वर्षाअखेरीला बरीच कॉलेजं विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवतात, ते बघायला जा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची दहा डिझाइन्स ओळीने बघ. दहाही सारखीच दिसली तर तिथे प्रवेश घेऊ नकोस.

तू आधीच किचनची ती भिंत हलवून बघितलीस. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, रविवार होता. डक्टवर उघडणाऱ्या किचनमध्ये फोडणीचा धूर कुठे जातो आणि तिथे उभ्या असलेल्या बाईला दुपारी दोन वाजताही दिवा लावावा लागतो, हे तुला दिसलं. तुझा प्रश्न ज्यातून आला ते हे असावं, असा माझा अंदाज आहे. रकान्यातली दोन अक्षरं त्यावर नंतर येऊन बसली.

मानाबद्दल मात्र तुला फार आशा दाखवणार नाही. माझी नोंदणी होऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा ठाण्याच्या एका साइटवर मुकादमाने मला विचारलं होतं, “साहेब कधी येणार?” त्याच्या हातात मीच काढलेला आणि मीच सही केलेला नकाशा होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या रांगेतले काका ‘आर्किटेक्ट मॅडम कुठे आहेत’ विचारतात ते तुझी पदवी तपासून नव्हे, तुझं वय बघून आणि तू सरांच्या मागे उभी राहतेस ते बघून. पुढच्या मीटिंगला नकाशा तूच समजावून सांगशील, असं सरांकडून कबूल करून घे. हे या महिन्यातच होऊ शकतं. ‘ड्रॉन बाय’मध्ये पूर्ण नाव लिहायलाही कुठलाच कायदा आड येत नाही. तेही मागून बघ.

आणखी एक वाद तुझ्या ऑफिसात झालेला दिसतो, कारण तू लिहिलंयस की एक सहकारी म्हणतो, मोठमोठ्या वास्तुरचनाकारांकडे कुठे पदव्या होत्या? खरं आहे. जपानचे ताडाओ अँडो कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजात शिकले नाहीत आणि त्यांना १९९५ साली प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं. आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईच्या जे.जे.मधून शिक्षण पुरं न करताच परदेशी गेले आणि २०१८ साली प्रित्झकर मिळवणारे पहिले भारतीय ठरले. पण दोशी जे.जे. सोडून पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराच्या हाताखाली पोचले होते, आणि तेव्हा १९७२ चा कायदाही नव्हता. मला त्यांच्याबद्दल जास्त बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. शिक्षण अर्धवट सोडलेल्या याच माणसाने १९६२ साली अहमदाबादला आर्किटेक्चरचं कॉलेज उभं केलं. शिकण्यासाठी एक जागा लागते, सोबत लागते, चुका दाखवणारं कुणीतरी लागतं, हे त्यांना पटलेलं होतं. तुझ्या ऑफिसात ते आहे का? असेल तर पदवीशिवायही चालेल. पाच वर्षांत तुझा एकही पर्यायी नकाशा कुणी पाहिला नसेल, तर तिथे ते नाही.

वयाचं तू दोनच ओळींत आटोपलंस, पण ते टोचतंय हे कळतं. वर्गातली मुलं अठरा वर्षांची असतील, तू चोवीस-पंचविशीची. पहिले सहा महिने अवघड जातील हे खरं. नुसत्या रेषा मारायला लावतील, अक्षरं गिरवायला लावतील आणि तुला वाटेल, हे मला काय शिकवतायत? पण खरी अडचण त्याहून वेगळी आहे आणि ती तुझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना लागू पडते. पाच वर्षं पालिकेचे नकाशे काढले की हात आपोआप एफएसआय पुरता वापरायला धावतो. मोकळी जागा दिसली की ती वाया गेलीशी वाटते. डिझाइनच्या वर्गात हे विसरावं लागेल, आणि शिकण्यापेक्षा विसरणं जास्त दुखतं. माझ्या वर्गात डिप्लोमा करून आलेले दोघे होते. एकाला हे जमलं आणि तो आमच्यात सगळ्यात पुढे गेला, कारण त्याची कल्पना बांधता येईल अशीच असायची. दुसरा शेवटपर्यंत म्हणत राहिला, “असं प्रत्यक्षात होत नाही.” त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबरही असायचं. तिसऱ्या वर्षात तो सोडून गेला.

आता कागदोपत्री. हा भाग तुझ्यासारख्या इतरांनीही नीट वाचावा. बी.आर्क. पूर्णवेळच असतं. नोकरी सांभाळून किंवा घरबसल्या पदवी देतो असं कुणी म्हणालं तर तिथे पैसे भरू नयेत, त्यावर नोंदणी होत नाही. कॉलेजला त्या वर्षासाठी कौन्सिलची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्याच संकेतस्थळावर बघावं. डिप्लोमावरून पहिल्या वर्षाला अर्ज करता येतो, पण डिप्लोमात गणित हा विषय असावा लागतो. गुणांची अट त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर द्यावा लागतो आणि राज्यातले प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात.

कॅप हा शब्द लक्षात ठेव, कारण तुझा सगळा हिशोब त्यावर फिरू शकतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं लागतं. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही, आणि विकास शुल्कासारखी इतर शुल्कं भरावीच लागतात. तू यात बसत असशील तर वरच्या हिशोबातले दहा लाख बरेच खाली येतील. पण मधली पाच वर्षं नोकरीत गेली आहेत, आधी डिप्लोमाही झाला आहे. तेव्हा दोन-तीन कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात कागदपत्रं आधी दाखव आणि उत्तर मिळाल्यावरच घरी आकडा सांग. नुसत्या ऐकीव माहितीवर राजीनामा द्यायचा नाही.

कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे. दहा लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला १३ हजारांच्या वर जातो. मुंबईत नव्याने पदवी घेतलेल्यांना मी जे पगार मिळताना बघते ते वीस ते तीस हजारांच्या घरातले असतात. वडील निवृत्त झालेले, भाऊ शिकतोय आणि पगारातला निम्मा हप्त्यात. अशा स्थितीत माणूस पहिलं मिळेल ते काम धरतो, आणि ज्या खुर्चीवरून उठलो तिथेच परत येतो. खासगी कॉलेजची पूर्ण फी कर्जाने भरून ही पदवी घेऊ नकोस.

बारावीच्या मुलांचे आईवडीलही हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी थोडं. “एलिमेंटरी-इंटरमीजिएटला ए ग्रेड आहे, हात छान आहे, म्हणून आर्किटेक्चर” आणि “गणित जमत नाही, म्हणून आर्किटेक्चर” ही दोन्ही कारणं कच्ची आहेत. प्रवेशालाच गणित लागतं. आणि ज्याला सुंदर चित्र काढायचं आहे आणि ज्याला जिन्याखालची अडगळीची जागा छळते, अशा दोघांतला दुसरा या धंद्यात जास्त टिकतो. पाचही वर्षांचा खर्च झेपणार असेल आणि मूल दुसऱ्या प्रकारचं असेल, तर जरूर पाठवा.

तुझ्याकडे परत येते. नोकरी न सोडता तीन महिने असे काढ. पहिल्या रविवारी ठाण्याला गाडी बदलून बेलापूरला जा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. लहानशा अंगणाभोवती साधारण सात कमी उंचीची घरं आणि प्रत्येकाला आपलं घर वाढवायची मुभा, अशी ती रचना. आज तिथली बरीच घरं लोकांनी पाडून, वाढवून पार बदलली आहेत. घरं बदलली, पण अंगणं राहिली का, हे बघ आणि हाताने काढून आण. दुसऱ्या रविवारी वरळीला जांबोरी मैदानापाशी जा. तिथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि आता त्याच लोकांना टॉवरमध्ये ५०० फुटांचे फ्लॅट. जागा तिपटीने वाढली. पण तो बोळ, जिथे मुलं अभ्यासाला बसायची आणि बाया धान्य निवडायच्या, तो टॉवरमध्ये कुठे गेला? एका कागदावर जुना मजला काढ, दुसऱ्यावर नवा, आणि माणसं कुठे बसतात ते दोन्हींवर दाखव. तिसऱ्या रविवारी डोंबिवलीचं तुमचं स्वतःचं घर मोज. आईला विचार, दिवसातून किती वेळा ती किचनमधून गॅलरीत जाते. मग पुढचे रविवार तुझे तू ठरव.

तीन महिन्यांनी मागे वळून बघ. पहिल्या दोन रविवारांनंतर कंटाळा आला, पाय निघेना, तर पदवी सोडून दे आणि मनात कसलीही खंत ठेवू नकोस. रेव्हिट हे नकाशांचं सॉफ्टवेअर शीक, क्वांटिटी आणि टेंडर शीक. रिडेव्हलपमेंटमध्ये सोसायट्यांना प्रकल्प सल्लागार लागतात, तिथे तुझा पालिकेचा अनुभव सोन्यासारखा आहे. सुपरवायझरचा परवाना मिळतो का बघ. त्या वाटेने तू पाच वर्षांत मैत्रिणीच्या बरीच पुढे असशील. पण वही भरत गेली, सोमवारी ऑफिसात बसल्यावरही रविवारचा नकाशा डोक्यात घोळत राहिला, तर नाटाचा फॉर्म भर. कॅपमधून कमी फीची जागा मिळाली तर जा, माझं मत हो असं आहे. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न कर, तोवर पैसे साठव. पण भरमसाट फीच्या जागेवर घाईने बसू नकोस.

लग्नाचं आईशी बोलताना ‘नंतर बघू’ म्हणू नकोस, त्यातून काहीच कळत नाही. वरचा हिशोब एका कागदावर मांड, त्यात घराला तू दरमहा किती देतेस आणि ते कधीपासून थांबेल हेही लिही, आणि आईबाबांपुढे ठेव. निवृत्तीनंतरचा खर्च कसा भागणार हा प्रश्न बाबा एकटेच मनात घोळवत असतील. तो कागद त्यांनाही बोलतं करेल. भावालाही बसव, अकरावीतल्या मुलाला घरचे आकडे कळायला काही हरकत नाही.

माटुंग्याच्या त्या फ्लॅटचा नकाशा अजून संगणकात असेल. तो उघड, किचनची भिंत आणि खिडकी नीट पुरी कर, मोठ्या कागदावर प्रिंट काढ. ‘ड्रॉन बाय’च्या रकान्यात तुझं नाव पूर्ण लिही, आडनावासकट. सोमवारी सरांच्या टेबलावर ठेव आणि त्यांनी बघेपर्यंत तिथेच उभी राहा. ते काय म्हणाले, मला कळव.